वापराचा कागद

नामदेवभाऊ भोरांकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. पण नव्वद सालानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत आंबेगाव नि जुन्नर तालुक्यांत कुणी जीप, टेम्पो नाहीतर मोटार घ्यायचं मनात आणलं, की घरातलं कुणीतरी म्हणायचंच, "आधी नामदेवभाऊला इचारा." ते वाहनांच्या विम्याचे एजंट होते. एजंट म्हटल्यावर जो गुळगुळीत, हसरा, पाठ न सोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, तसे ते अजिबात नव्हते. किडकिडीत अंग, पांढरा पायजमा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरच्यानं आपला काहीतरी गुन्हा कबूल करावा.

माझं मंचरला बाजार समितीच्या रस्त्यावर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं होतं, तेच त्यांचं ऑफिस. बाकड्याचं भाडं मी कधी मागितलं नाही, त्यांनी कधी दिलं नाही. रोज सकाळी दुकानापुढे पाणी मारायचं काम मात्र त्यांनी आपणहून घेतलं होतं. उन्हाळ्यात हायवेची धूळ आणि कांद्याची टरफलं उडत यायची, तेव्हा ते दोनदा पाणी मारायचे. मी त्यांचे कागद टाइप करून द्यायची आणि कुरकुर करायची. कारण एकेक पत्र हा माणूस चार-चार वेळा दुरुस्त करायचा.

गिऱ्हाईक आलं की ते कधीही "कुठली गाडी घेतली?" असं विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"गाडी रातची कुठं उभी ऱ्हानार?"

दुसरा, "रोज जानार कुठं?" आणि तिसरा, "बसनार कोन कोन?" ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय बॅगेची चेन उघडत नसे. घाईतला माणूस वैतागायचा. पोरगी बघायला आलाय का विमा काढायला, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. भाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगी देताना बी हेच तीन सवाल इचारत्यात, पावणं. तवा नाय राग येत."

नुसती उत्तरं ऐकून त्यांचं समाधान होत नसे. एसटीनं गावी जाऊन ते गाडीची जागा स्वतः बघून यायचे. वारूळवाडीच्या एका बागायतदारानं नवीकोरी मोटार गोठ्याशेजारी, पेंडीच्या पोत्यांना लावून उभी केली होती. भाऊंनी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "हितनं हलवा. पेंड तिथं उंदीर, आन् उंदीर तिथं वायरी." बागायतदार हसला. म्हणाला, "मग विमा कशाला काढतोय?" भाऊ म्हणाले, "चोराचा विमा हाये, आगीचा हाये. उंदराचा अजून कंपनीनं काढला न्हाई." दोन महिन्यांत उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडून भुगा केला. बागायतदार बाकड्यापुढे येऊन उभा राहिला, तेव्हा भाऊ "मी सांगितलं व्हतं" असं म्हणाले नाहीत. मी असते तर दहा वेळा म्हटलं असतं.

कुठली गाडी घ्यावी याबद्दलही त्यांची मतं पक्की होती आणि ती विकणाऱ्याच्या पोटावर पाय आणणारी होती. "शोरूम बघू नका, गॅरेज बघा," असं ते सांगत. ज्या गाडीचा आरसा नारायणगावात मिळत नाही ती गाडी घेऊ नये. एका डॉक्टरांनी हौसेनं भारी परदेशी धाटणीची मोटार आणली. मागचा दिवा फुटला, आणि तो मुंबईहून येईपर्यंत महिनाभर डॉक्टर एसटीच्या थांब्यावर पेशंटांच्या शेजारी उभे होते. भाऊ त्यांना रोज नमस्कार करायचे. एवढंच करायचे.

जुन्नरचे एक शिक्षक डिझेलची मोठी गाडी घ्यायला निघाले होते. डिझेल स्वस्त, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. भाऊंनी तीन प्रश्न विचारले. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, रविवारी फार तर सासुरवाडी.

"गुरुजी," भाऊ म्हणाले, "डिझेलची गाडी म्हंजी म्हैस. रोज दोन टायम पिळायची आसंल तर परवडती. नुसती दारात बांधली तर वैरन खाती आन् शेन देती. गाडी म्हाग, हप्ता म्हाग, दुरुस्ती म्हाग. तुमी आपली ल्हान पेट्रोलची घ्या, जुनी घेतली तरी चालंल."

गुरुजींनी ऐकलं. लहान गाडी म्हणजे विम्याचा हप्ता लहान आणि हप्ता लहान म्हणजे एजंटाचं कमिशनही लहान. हा हिशेब मला दिसायचा, भाऊंना दिसत नसावा. मी एकदा बोलले तर म्हणाले, "ताई, गुरुजींनी गाडी इकून टाकली तर म्होरल्या वर्साचा हप्ता कोन भरंल?" आपण भलेपणा करतोय हे कबूल करायची त्यांना भारी लाज वाटे. दरवेळी ते त्यात काहीतरी स्वार्थ शोधून दाखवत.

पत्त्याचंही तसंच. पुण्या-मुंबईच्या गाडीला हप्ता जास्त, आमच्याकडच्या गाडीला कमी. तिकडे नोकरी करणारी आमची पोरं सुट्टीला आली की हळूच म्हणायची, "भाऊ, गाडी गावच्या पत्त्यावर टाका की." भाऊ विचारायचे, "गाडी झोपती कुठं?" पोरगं म्हणायचं, "कोथरूडला." "मंग जिथं झोपती तिथला पत्ता." पोरगं दुसऱ्या एजंटाकडे जायचं आणि काम करून घ्यायचं. भाऊंचं म्हणणं मात्र एवढ्यावर संपत नसे. मंचरच्या हायवेला लागून राहणाऱ्यानं तर पुण्यापेक्षा जास्त हप्ता भरायला हवा, असं ते बाकड्यावर बसून समोरच्या ट्रकांकडे बघत म्हणायचे. "कंपनीला कागदावर बारकं गाव दिसतं. ह्यो रोड दिसत न्हाई."

पॉलिसी हातात आली की ते एक विधी करत. लोक त्याला 'भाऊंची पोथी' म्हणत. पॉलिसीच्या पाठीमागे मुंगीसारख्या अक्षरांत इंग्रजी अटी छापलेल्या असतात. त्या आजवर कुणी वाचल्या असतील तर छापणाऱ्यानं, आणि नामदेवभाऊंनी. ते मालकाच्या ओट्यावर बसत, भिंग काढत आणि एकेक अट आपल्या भाषेत सांगत. घरातल्या सगळ्यांनी बसायचं. पिऊन चालवली तर काही मिळायचं नाही. लायसन नसलेल्या मेव्हण्याला चावी द्यायची नाही. घरगुती गाडी भाड्यानं द्यायची नाही, माणसं बसवून त्यांच्याकडून मोबदला घ्यायचा नाही. तसं करायचं असेल तर भाड्याच्या गाडीचा विमा वेगळा, त्याचा हप्ता मोठा. शेवटी चहा.

ही पोथी त्यांनी आयुष्यात एकाच घरी वाचली नाही, आणि तिथेच घात झाला.

पेठचा तुकाराम त्यांचा शाळेपासूनचा मित्र. मेंढपाळाचं घर. धाकटा भाऊ अजून मेंढरं घेऊन पावसाळा सोडून वर्षभर रानोमाळ फिरायचा, तुकाराम पेठला शेती बघायचा. अर्धी मेंढरं विकून त्यानं जुनी डिझेल जीप घेतली ती या भावासाठी. भावाचा तळ पडेल तिथे ज्वारी-बाजरी पोचवायची, आजारी पडलेलं नाहीतर नुकतं जन्मलेलं कोकरू घरी आणायचं. भाऊंनी त्याला ती जीप स्वतः निवडून दिली होती. दणकट, कुठल्याही गॅरेजात खोलता येणारी, रानात जाणारी. रात्री उभी राहायची जागा पाहिली, चिंचेखाली उतार होता म्हणून चाकामागे लावायला दगडही शोधून दिला. पॉलिसी घेऊन गेले त्या दिवशी जीपची पूजा होती. पेढे, गर्दी, पोरांचा कालवा. भाऊंनी बॅगेतून भिंग काढलं, तशी तुकारामनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "नाम्या, ठेव ते चष्म्याचं भिंग! मी काय परका हाय व्हय?"

मित्रापुढे पोथी काय लावायची, म्हणून भाऊंनी भिंग परत ठेवलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शेजाऱ्याचं भांडं आपल्याकडे आलं तर ते रिकामं परत देत नाहीत. निदान गुळाचा खडा तरी घालतात. गाडीचंही तसंच झालं होतं. पेठमध्ये तेव्हा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कुणाला दवाखाना, कुणाला लग्न, की तुकारामची जीप. भाडं तो घेत नसे, विचारलं तर चिडे. मग माणसं काय करत, वाटेत पंपावर जीप थांबवून डिझेल टाकत. गाडी रिकामी परत कशी द्यायची? यात कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं. नामदेवभाऊंना तरी कुठे वाटलं होतं? सिंधूवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेताना त्यांनी स्वतः याच जीपमध्ये डिझेल टाकलं होतं.

लग्नसराईत एका दुपारी तुकाराम शेजारपाजारच्या बायामाणसांना घेऊन जुन्नरकडे लग्नाला निघाला. पेठ आणि मंचरच्या मधल्या घाटात पुढच्या ट्रकवरून कांद्याची गोणी पडून फुटली. तुकारामनं ब्रेक मारला, चाकं कांद्यांवरून घसरली आणि जीप डोंगराच्या बाजूच्या चरात आडवी झाली. दरीच्या बाजूला गेली नाही हे नशीब. शेजारच्या धोंडाबाईंचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. जीपचं तोंड मात्र पार आत गेलं.

नुकसान बघायला पुण्याहून सर्व्हेअर साहेब आले. त्यांनी जीपमधल्या माणसांचे जबाब घेतले. पैसे देऊन बसला होतात का, असं धोंडाबाईंना विचारलं. सत्तरीची म्हातारी, गळ्यात प्लॅस्टरचा हात. तिला तो प्रश्न आपल्या अब्रूवरच आल्यासारखा वाटला. ताठ बसून म्हणाली, "फुकाट कशी बसंन, बाबा? आमी तिघींनी मिळून डिझेल टाकलं की! आमी काय भिकारी न्हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि झेरॉक्स काढायला माझ्या दुकानात आले. माणूस चांगला होता. नामदेवभाऊ आणि तुकाराम दोघेही तिथेच होते. साहेब हळू आवाजात म्हणाले, "भोर, हे डिझेलचं अडचणीचं आहे. मोबदला घेतला असं होतं. क्लेम बुडेल. बाईंचा जबाब मी पुन्हा घेतो, डिझेलचं राहू द्या. कुणाचं काय जातंय?"

तुकारामनं भाऊंकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जी आशा आली ती मला अजून आठवते. जीप उभी होती आणि त्याचा भाऊ तिकडे नगरच्या बाजूला रानात होता. त्याच्याकडे धान्य जात नव्हतं, आणि दोन आजारी कोकरं घरी आणता न आल्यानं रानातच मेली होती.

भाऊंनी काखेतली बॅग मांडीवर घेतली. मग म्हणाले, "सायेब, ती बाई खरं बोलली. तिला खोटं बोल म्हनून मी कंच्या तोंडानं सांगू? ऱ्हाऊ द्या तसंच. मी पत्र लिवतो."

तुकाराम उठला. "नाम्या, तुझं खरं तुला लखलाभ," एवढंच म्हणून तो चालता झाला. साहेबांनी कागद गोळा केले आणि तेही गेले. मला भाऊंचा असा संताप आला होता, की त्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पत्र सांगायला बसले. मी टाइप करत होते. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, इथपासून सुरुवात केली. डिझेल म्हणजे भाडं नव्हे, ते भांड्यातल्या गुळाच्या खड्यासारखं आहे, असं लिहायला लावलं. तुकाराम भाड्याचा धंदा करत नाही, याला अख्खं गाव साक्षी आहे, असंही. इथवर ठीक होतं. मग म्हणाले, "आता लिवा. पॉलिसी देताना अटी समजावून सांगायचं काम माझं व्हतं. ते मी केलं न्हाई. आन् ह्याच जीपमधी मी सोता डिझेल टाकलेलं हाये."

माझी बोटं थांबली. "भाऊ, एजंटानंच असं लिहून दिलं तर तुमची एजन्सी काढून घेतील."

"घेतील."

"मग कशाला? तुमचं कुणी विचारलंय का?"

"धोंडाबाईला इचारलं, तिनं सांगितलं," ते म्हणाले. "मला कुनी इचारलं न्हाई म्हनून मी गप बसू? म्हातारीपरीस मी ल्हान व्हईन, ताई. लिवा."

मी लिहिलं. त्या पत्रात त्यांनी पहिल्यांदाच एकही दुरुस्ती केली नाही.

पुढचे महिने वाईट गेले. जीप गॅरेजच्या आवारात गंजत पडली. तुकारामनं बोलणं सोडलं. बाजाराला आला की रस्त्याच्या पलीकडून जायचा. भाऊ बाकड्यावरून त्याला जाताना बघायचे आणि मग समोरच्या माणसाला आपला प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचे. लोकही टोमणे मारू लागले. मित्राला बुडवला, म्हणायचे. मला लोकांचं चुकतंय असं वाटायचं नाही, हे आज लपवत नाही.

शेवटी निकाल आला. क्लेम नामंजूर झाला नव्हता. रकमेच्या चार हिश्शांतले तीन मंजूर, चौथा कापलेला. भाऊंना वेगळं पत्र होतं, कडक शब्दांत समज दिलेली. एजन्सी वाचली होती. त्यांनी ते पत्र घडी घालून बॅगेत ठेवलं आणि तडक गॅरेजवर गेले.

वहिनींचे गुडघे गेलेले. त्यांच्यासाठी एक जुनी लहान मोटार घ्यायची म्हणून भाऊ कित्येक वर्षं पैसे साठवत होते. कुठली घ्यायची ते ठरलं होतं, ती रात्री कुठे उभी राहणार हेही. गल्ली अरुंद म्हणून घरमालकाशी बोलून त्यांनी पायरी काढून घेतली होती. त्या पैशांतून कापलेला चौथा हिस्सा त्यांनी गॅरेजवाल्याला दिला आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. गॅरेजवाल्याच्या पोटात गोष्ट राहत असती तर तो गॅरेजवाला कशाला झाला असता? जीप न्यायला आलेल्या तुकारामला त्यानं पहिलं तेच सांगितलं. पायरी काढलेली ती जागा नंतर रिकामीच राहिली. वहिनी तिथे तुळशीच्या कुंड्या ठेवायच्या.

त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी तुकारामची जीप भाऊंच्या दारात येऊन उभी राहिली. हॉर्न नाही, हाक नाही. तुकाराम नुसता स्टिअरिंगला धरून बसलेला. वहिनी बाहेर आल्या तेव्हा म्हणाला, "बसा वैनी. नारायणगावच्या डाक्टरकडं जाऊन येऊ." दोघा मित्रांचं जे काही बोलणं झालं असेल ते त्या वाटेत झालं असेल. मला एवढंच कळलं, की वाटेत पंप आला तेव्हा भाऊंनी सवयीनं खिशात हात घातला आणि तुकारामनं गाडी न थांबवता पुढे काढली. "डिझेल टाकशील तर मोबदला व्हईल. तुझ्याच पोथीत हाय नव्हं?"

भाऊ आपल्याच नियमात सापडले. तेव्हापासून दर गुरुवारी जीप येऊ लागली आणि डिझेल टाकायची सोय नव्हती. पण भांडं रिकामं परत द्यायचं कसं? मग ते उतरताना सीटवर गुपचूप काहीतरी ठेवायचे. मेथीची जुडी, दोन लिंबं, कधी वहिनींनी केलेल्या शेंगोळ्यांचा डबा.

कामातही एक बदल झाला. ते प्रत्येक पॉलिसीबरोबर एक जादा कागद टाइप करून घेऊ लागले. त्याला ते 'वापराचा कागद' म्हणत. गाडी कोण कोण मागून नेणार, कशासाठी नेणार, त्याबद्दल काही घेणार का, सगळं त्यात लिहायचं आणि मालकाची सही घ्यायची. ऑफिसनं तो कागद मागितला नव्हता, ऑफिसात तो कुणी वाचतही नसेल. मी म्हणायची, "भाऊ, माझी रिबीन फुकट जाते." ते म्हणायचे, "जाऊ द्या." मागून नेलेली गाडी परत देताना डिझेल टाकू नका, भाजी ठेवा, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. त्या दिवसांत आमच्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मेथी-कोथिंबिरीचा वास यायचा.

पुढे विमे कॉम्प्युटरवर निघू लागले. शोरूमवालेच गाडीबरोबर पॉलिसी देऊन टाकू लागले आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार हे कुणी विचारेनासं झालं. भाऊंकडे जुनी गिऱ्हाइकं तेवढी उरली. सिंधूवहिनी गेल्या. मला वाटलं, आता गुरुवारची जीप थांबेल. ती थांबली नाही. दोघे डॉक्टरच्या वाटेनं नारायणगावापर्यंत जायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. इतक्या वर्षांत मी त्या दोघांसारखे मित्र पाहिले नाहीत, आणि त्या पत्राच्या वेळी भाऊंना मी मनातल्या मनात मूर्ख म्हटलं होतं याची मला लाज वाटते.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका गुरुवारी. जीप दुकानापुढे उभी राहिली. तुकाराम आत बसून होता. भाऊ हळूहळू उतरले, सवयीनं एक दगड उचलून मागच्या चाकाला लावला आणि बाकड्यावर टेकले. श्वास लागला होता. तुकारामच्या जीपचा विमा संपत आला होता, वापराचा कागद टाइप करायचा होता. रिबिनीचं मशीन जाऊन कॉम्प्युटर आला होता, पण मजकूर मला पाठ होता.

"वापर, घरगुती," मी म्हणाले.

तुकारामनं जीपमधून हाक दिली, "आन् गुरवारचं?"

भाऊ विचारात पडले. खरोखरच पडले. मग म्हणाले, "लिवा ताई. दर गुरवारी एक मित्र बसतो."

"मोबदला?" मी थट्टेनं विचारलं.

त्यांनी मांडीवरच्या बॅगेकडे पाहिलं. चेन अर्धवट उघडी होती आणि आतून मेथीची पानं बाहेर आली होती. त्यांनी जीपकडे पाठ केली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "लिवा... न्हाई."

मी लिहिलं. त्यांनी कागद तपासला, तुकारामची सही घेतली, चाकामागचा दगड बाजूला केला आणि वर चढून बसले. जीप हायवेकडे वळली तेव्हा मेथीची जुडी समोरच्या काचेपाशी ठेवलेली दिसली. नामदेवभाऊंच्या कागदावर माझ्या हातून टाइप झालेलं तेवढं एकच खोटं.